उघाडीच्या आतले पाणी

माझ्या नोकरीची जवळजवळ सगळी वर्षे जमिनीतले पाणी बाहेर काढण्यात गेली. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या, खोल जमिनींना उसासाठी वर्षानुवर्षे पाणी देऊन देऊन पाण्याची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर फुलले आणि एकेकाळी भरघोस ऊस देणारी शेते क्षारपड होऊन पडीक राहिली. अशा शेतांत मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणे, पाणी ओढ्याकडे काढून देणे आणि पुढच्या दोन-तीन पावसांत क्षार धुऊन जातात की नाही हे मातीच्या नमुन्यांवरून पाहणे, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर कराडला स्थायिक झाल्यावर, एका खाऱ्या जागेत पाणी आणावे की नाही हे ठरवण्यासाठी मला कुणी विचारील, असे मला कधी वाटले नव्हते.

विचारणारा माझा मेहुणा होता. माझ्या पत्नीचे माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठी, चिपळूणच्या पश्चिमेला आहे. दिवाळीत भाऊबीजेला तो कराडला आला, तेव्हा जेवण झाल्यावर त्याने विषय काढला. "भावोजी, आपल्या खाजणातलं तळं परत खाडीला जोडायचं म्हणतायत. कांदळवनाची रोपं द्यायला एक संस्था तयार आहे. तुम्ही एकदा बघून सांगा, मगच गावकी हो म्हणेल." मी निचऱ्याचा माणूस आहे, भरती-ओहोटीतले मला काय कळते, असे मी म्हणालो; त्यावर पत्नी म्हणाली की पाणी आत येते कसे आणि बाहेर जाते कसे, एवढेच तर पाहायचे आहे. ते खरे होते, आणि पुढचे वर्षभर मी तेवढेच पाहत राहिलो.

तळ्याची हकिकत थोडक्यात सांगतो. खाडीच्या काठाला मातीचा बांध घालून आतल्या खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या सखल जमिनीत, भात पिकवण्याची रीत कोकणात जुनी आहे. बांधात एक उघाडी असते. तिची झडप बाहेरच्या बाजूला उघडते, त्यामुळे ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर पडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. हा बांधही तसाच होता. पुढे माणसे मुंबईला गेली, बांधाची डागडुजी होईनाशी झाली, आणि जेव्हा कधी झाली तेव्हा लागणारी माती बांधाच्या आतल्याच बाजूने खणून घेतली गेली. त्या खणण्यातून आणि तुंबलेल्या पाण्यातून सुमारे तीन एकरांचे तळे तयार झाले. लाकडी उघाडीच्या जागी केव्हातरी ४५० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप आणि लोखंडी झडप आली. ती झडप गंजून अर्धी उघडी राहिली, म्हणून तळ्यात थोडे खारे पाणी शिरते आणि थोडे बाहेर पडते. भात तिथे होत नाही, आणि खाडीसारखी झाडीही तिथे वाढत नाही.

पहिल्यांदा मी मार्गशीर्षात गेलो आणि पहिल्याच वेळी चूक केली. खाडीच्या मुखाजवळच्या बंदरासाठी छापलेले भरती-ओहोटीचे तक्ते मी बरोबर घेतले होते; त्यातली उंची आणि तळ्याच्या काठाची मी मोजलेली उंची यांची सरळ तुलना करून मी मेहुण्याला सांगून टाकले की सगळे तळे भरतीच्या टप्प्यात येते आणि झाडे लावायला हरकत नाही. परतीच्या वाटेवर, घाट चढत असताना, माझ्या ध्यानात आले की तक्त्यांतली उंची त्या बंदराच्या आलेखशून्यापासून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून मोजलेली असते, तर जमिनीवरचे बेंचमार्क सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेले असतात. या दोन शून्यांमधले अंतर न धरता केलेल्या तुलनेला अर्थ नसतो. शिवाय मुखापाशी पाणी जेवढे चढते तेवढेच ते खाडीत आत, वळणे घेत आल्यावर चढेल असेही नाही. पाटणला गाडी थांबवून मी मेहुण्याला फोन केला आणि सांगितलेले मागे घेतले.

त्यानंतर मी ठरवले की तक्त्यांचा उपयोग फक्त दिवस निवडण्यासाठी करायचा आणि उंची जागेवरच मोजायची. तक्ते पाहण्याचीही गरज फारशी नव्हती, कारण तिथल्या माणसांना भरतीसाठी छापील कागद लागत नाही. खाडीत आयुष्यभर जाळी टाकलेले एक आबा आमच्याबरोबर असत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिला: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. ही वेळ समुद्रकाठची. आमच्या बांधापाशी पाणी त्याच्यानंतर तास-सव्वा तासाने चढते, हे त्यांनीच सांगितले आणि घड्याळाने ते खरे ठरले. उधाणाचे पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत वर येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी मंद असते. म्हणून मोजणीसाठी मी माघ पौर्णिमेचे तीन दिवस आणि त्यापुढच्या अष्टमीचे दोन दिवस निवडले.

त्या पाच दिवसांचे काम मला अजून तपशिलाने आठवते. ह्यूम पाइपचा तळ हा आमचा शून्य मानला आणि खाडीत एक व तळ्यात एक अशा दोन मोजपट्ट्या रोवल्या. त्या दिवसा-रात्री अर्ध्या अर्ध्या तासाने वाचायच्या होत्या, आणि रात्रीचे वाचन मेहुण्याच्या मुलाने बॅटरीच्या उजेडात एकही वेळ न चुकवता केले. उधाणाला खाडीचे पाणी आमच्या शून्यापासून १.७५ मीटरपर्यंत चढले आणि ओहोटीला शून्याच्याही खाली गेले. दोन्हींतला फरक दोन मीटरांच्या आसपास भरला. त्याच वेळात तळ्यातले पाणी फक्त बारा सेंटीमीटर हलले. बांधाची जाडी दोन पावलांची असेल, पण तिच्या एका बाजूला खाडी होती आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ स्थिर पाणी, हे आकड्यांत पाहिल्यावर मला त्या गंजक्या झडपेचे महत्त्व कळले.

दुसरे काम झाडांचे होते. बांधाच्या बाहेर खाडीच्या अंगाला चिपी, तिवर आणि वरच्या कडेला मारांडी दाट आहे. कांदळवनातली झाडे साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेघ या दोहोंमध्येच टिकतात. फार खाली असतील तर मुळे बुडून गुदमरतात, फार वर असतील तर दुसरी झाडे त्यांची जागा घेतात. म्हणजे बाहेर जगलेली झाडे हीच त्या जागेची सर्वांत विश्वासू मोजपट्टी होती. चिखलात गुडघाभर उतरून, डंपी लेव्हल बांधावर लावून, आम्ही पस्तीस झाडांच्या बुंध्यांची उंची घेतली. सर्वांत खालची चिपी आमच्या शून्यापासून ०.७० मीटरवर होती आणि सर्वांत वरचे तिवर १.६० मीटरवर. त्या दोन आकड्यांच्या मधली जमीन तळ्यात किती आहे, एवढाच आता प्रश्न होता.

कराडला परतल्यावर तळ्यातल्या खोलीच्या वाचनांवरून मी जेवणाच्या टेबलावर नकाशा काढला. तळ्याच्या कडेचा पट्टा, सुमारे पावणेदोन एकर, झाडांच्या टप्प्यात येत होता. मधला सव्वा एकर मात्र शून्याच्या आसपास किंवा त्याखाली होता, म्हणजे बाहेरच्या सर्वांत खालच्या चिपीपेक्षाही साठ-सत्तर सेंटीमीटर खोल. बांधासाठी माती खणली गेली ती हीच जागा. शिवाय खाजण बांधून निचरा केला की चिखल आकसतो, त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजून संपते आणि जमीन खचते. बाहेर मात्र दर पावसाळ्यात गाळ बसत राहतो आणि जमीन वर येत राहते. संस्थेने देऊ केलेली रोपे सगळ्या तळ्यात लावली असती, तर मधली सगळी बुडून मेली असती. मी गावकीला पहिली सूचना केली ती हीच, की रोपे घेऊ नयेत. पाण्याची ये-जा पूर्ववत झाली, तर जिथे उगवायचे तिथे तिवराची आणि चिपीची बीजे बाहेरच्या झाडांवरून आपोआप वाहत येतात; ती आली नाहीत, तर मग लावण्याचा विचार करता येतो. मधल्या खोल भागात पाणीच राहील आणि ते राहू द्यावे, कारण ओहोटीला बोय आणि कोळंबीच्या पिलांना थांबायला तेवढी जागा हवी असते.

आता ये-जा पूर्ववत करायची म्हणजे किती मोठे तोंड लागेल? हा हिशेब माझ्या जुन्या कामाच्या अगदी जवळचा असल्याने मला तो करताना आनंद झाला. तीन एकर म्हणजे बारा हजार चौरस मीटर. त्यावर सरासरी एक मीटर पाणी चढायचे तर बारा हजार घनमीटर पाणी पाच तासांत आत यायला हवे, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६७ घनमीटर. ४५० मिलिमीटरच्या पाइपची झडप पूर्ण काढून टाकली आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहिले, तरी पाच तासांत तळे चोवीस सेंटीमीटरच चढेल. निव्वळ झडप काढून काम भागेल ही गावातली समजूत या हिशेबाने बाद झाली. मातीच्या बांधाला कापू नये इतका, म्हणजे सेकंदाला ०.७ मीटरच्या आत वेग ठेवायचा, तर एक चौरस मीटरभर तोंड लागते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, लागते. बांधाला सरळ खांड पाडून पाणी सोडावे, असे एकाने सुचवले होते. तसे केले असते, तर तोंड दर उधाणाला रुंदावत गेले असते आणि शेजारच्या शेतांचा बांधही गेला असता.

पाण्याच्या खारेपणाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण त्याचे एक टोक आमच्याच जिल्ह्यात आहे. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तेव्हा कोयनेचे पाणी पूर्वेकडे जाते हेच आम्हा कराडकरांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून पोफळी आणि अलोरे येथे वीज तयार केली जाते, आणि वीज झाल्यावर ते अवजल वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिलेले हे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या फाल्गुनापासून आटत जातात आणि त्यांच्या खाड्या वैशाखापर्यंत समुद्राइतक्या खाऱ्या होतात. वाशिष्ठीचे तसे होत नाही, कारण उन्हाळ्यातही तिच्यात साताऱ्याचे गोडे पाणी येत राहते.

माझ्या जुन्या विद्युतवाहकता मापकाने हे मला स्पष्ट दाखवले; पाणी जितके खारे, तितकी त्याची वाहकता जास्त. समुद्राच्या पाण्याची वाहकता पन्नास डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास असते. माघात आमच्या बांधाबाहेर उधाणाच्या भरतीला ती एकोणीस भरली आणि ओहोटीला सहा. दुसऱ्या दिवशी मात्र तशाच भरतीला ती चौदाच भरली. मापक बिघडला असेल म्हणून मी तो प्रमाण द्रावणात तपासला. तो ठीक होता. आबांनी सहज सांगितले, "वरनं पाणी सोडलं असेल." कोयनेची वीज मुख्यतः मागणी वाढलेल्या तासांसाठी वापरली जाते, त्यामुळे अवजलाचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो, आणि घाटावर लागलेल्या दिव्यांचा परिणाम काही तासांनी खाडीच्या चवीवर होतो. म्हणून या तळ्याचे मूल्यमापन एका भेटीतल्या एका नमुन्यावरून करणे चुकीचे ठरले असते. माझ्या टिपणात मी हेही लिहिले की कोयनेचे अवजल मुंबईकडे नेण्याची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे; उद्या ते दुसरीकडे वळले, तर ही खाडी अधिक खारी होईल, आणि तळ्यात जे उगवेल त्याला तो खारेपणा सोसावा लागेल. तिवर सोसेल, वरच्या कडेला आज हिरवे असलेले सगळेच सोसेल असे नाही.

चिखलाने मला सर्वांत अधिक थांबायला लावले. मधल्या खोल भागातला चिखल निळसर काळा आहे आणि काठीने ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. खाडीच्या चिखलात समुद्राच्या पाण्यातले गंधक लोहाशी बांधले जाऊन साठते. तो चिखल पाण्याखाली असेतो निरुपद्रवी असतो, पण उपसून वाळवला की हवेने त्याचे गंधकाम्ल होते. वाळव्याच्या चोपण जमिनीत सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेला पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय होती. उलट्या दिशेचा धोका मी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. सहा जागांचे नमुने डब्यांत भरून कराडला आणले, पातळ थर करून गच्चीवर सावलीत ओलसर ठेवले आणि आठ आठवडे दर रविवारी सामू मोजला. पत्नीला त्या वासाचा त्रास झाला, तरी तिने डबे हलवू दिले नाहीत. कडेचे चार नमुने सातच्या आसपास स्थिर राहिले. मधल्या भागातले दोन मात्र सातवरून हळूहळू उतरत आठव्या आठवड्यात ३.७ पर्यंत आले. तळे खोल करून निघालेली माती बांधावर टाकावी, असा गावकीच्या जुन्या ठरावात एक भाग होता. त्या दोन डब्यांमुळे मी तो काढून टाकायला सांगितले. तसे केले असते, तर पहिल्या पावसात बांधावरून आम्ल झिरपून तळ्यातले मासे मेले असते आणि बांधावर गवतही उगवले नसते.

शेजारच्या शेतांचा आणि विहिरींचा प्रश्न गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठा होता, आणि तो तसाच असायला हवा होता. तळ्याच्या पूर्वेला दोन भाताची शेते आमच्या शून्यापासून १.४५ मीटरवर आहेत, म्हणजे उधाणाच्या पाण्यापेक्षा तीस सेंटीमीटर खाली. आज त्यांना तोच बांध राखतो. तळे उघडायचे असेल, तर आधी तळे आणि शेते यांच्यामध्ये सुमारे दीडशे मीटरचा आतला बांध घालावा लागेल, आणि तो उघाडी बसवण्याच्या आधी एक पावसाळा घालून मुरू द्यावा लागेल. तीन विहिरींपैकी दोन जांभ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी आहेत आणि त्यांचे पाणी वैशाखातही गोडे राहिले. तिसरी तळ्यापासून जवळ आहे. माघात तिची वाहकता ०.५ होती आणि वैशाखात १.१. ती वाढ तळ्यामुळे आहे की उन्हाळ्यात उपसा वाढल्यामुळे, हे एका उन्हाळ्याच्या वाचनांवरून ठरवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

कायद्याची बाजू मी गावकीपुढे सरळ मांडली. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवने सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवनांची तोड व त्यांवरचा भराव यांना सक्त मनाई आहे. तळ्यात एकदा तिवर उभे राहिले की ती जागा पुन्हा भाताखाली आणता येणार नाही. ज्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत त्यांनी, मुंबईत असलेल्यांनीही, हे समजून सही करावी. बांधाला हात लावण्याआधी कांदळवन कक्षाशी आणि खारभूमी विभागाशी बोलणे भाग आहे, कारण नव्या तोंडासाठी बाहेरची काही झाडे आड येतील आणि ती आपल्या मनाने काढता येणार नाहीत.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली ती श्रावणात. मी नकाशा भिंतीला लावला आणि प्रत्येक आकडा कसा मिळाला ते सांगितले. एका वयस्क बाईंनी विचारले की तळे खारे झाल्यावर म्हशी कुठे डुंबणार, आणि हिवाळ्यात तिथे उतरणारी हळदी-कुंकू बदके येतील का. म्हशींसाठी टेकडीच्या पायथ्याचा झरा अडवून लहान डबके करता येईल, असे उत्तर मेहुण्याने दिले. बदकांबद्दल मी सांगितले की त्यातली बरीच येणार नाहीत. तळ्याच्या बदल्यात खाजण मिळवताना ती किंमत आहे आणि ती किंमत मान्य आहे की नाही हे गावाने ठरवायचे आहे. दोन्ही शेतांच्या मालकांनी आतल्या बांधाला संमती दिली, पण तो पूर्ण होऊन एक पावसाळा टिकल्याशिवाय नवी मोठी उघाडी बसवायची नाही, अशी अट घातली. ती अट मला योग्य वाटली आणि मी ती माझ्या टिपणात पहिल्या क्रमांकावर घातली.

सध्या ठरले आहे ते एवढेच: गंजलेली झडप काढून तिथे वर-खाली करता येणारी फळ्यांची झडप बसवायची, जुन्याच पाइपातून वर्षभर थोडे अधिक पाणी आत-बाहेर होऊ द्यायचे, तळ्यातली आणि खाडीतली मोजपट्टी दर पौर्णिमा-अमावास्येला वाचायची, आणि तिसऱ्या विहिरीची वाहकता दर महिन्याला घ्यायची. मेहुण्याचा मुलगा वाचने वहीत लिहून तिच्या पानाचा फोटो मला पाठवतो आणि मी ती कराडला तक्त्यात भरतो. कार्तिक पौर्णिमेला तळ्यातले पाणी एकवीस सेंटीमीटर हलले. विहिरीचे उत्तर मात्र उन्हाळ्याशिवाय कळणार नाही. म्हणून वैशाखी अमावास्येला मापक आणि रिकामे डबे घेऊन मला पुन्हा कुंभार्ली घाट उतरायचा आहे.